ओझोनचे छत्र : एका जागतिक कराराची शिकवण

(जागतिक ओझोन दिनानिमित्त ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१६ सप्टेंबर हा दिवस जगभर ओझोन दिन म्हणून पाळला जातो. १९८७ साली याच दिवशी कॅनडातील माँट्रियल शहरी एका आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या, आणि त्याचे स्मरण म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९४ साली हा दिवस मुक्रर केला. आपल्याकडे असे दिवस पुष्कळ येतात. शाळांतून चित्रे काढली जातात, घोषवाक्ये लिहिली जातात आणि दुसऱ्या दिवशी फलक उतरविले जातात. या दिवसामागील हकीकत मात्र सर्वांनी, विशेषतः ज्यांच्या हाती गावचा, शाळेचा किंवा कचेरीचा कारभार आहे अशा मंडळींनी, बारकाईने समजून घ्यावी अशी आहे. हवामानबदलाचा विषय निघाला की, “सारे जग एका गोष्टीवर कधी एकत्र आले आहे काय?” असा प्रश्न हमखास विचारला जातो. ओझोनच्या बाबतीत ते आले. ते कसे आले, कोणत्या व्यवस्थेमुळे आले आणि त्यातले हवामानबदलाच्या कामी कितपत उपयोगी पडेल, याचा विचार आज आपण करू.

तीन मिलिमीटरचे आवरण

आपण श्वासावाटे घेतो त्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात. ओझोनच्या रेणूत तीन असतात. जमिनीपासून साधारणपणे १५ ते ३५ किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात, ज्याला शास्त्रज्ञ स्थितांबर म्हणतात तेथे, हा वायू विखुरलेला आहे. त्याचे प्रमाण इतके अल्प आहे की, आपल्या डोक्यावरील सारा ओझोन गोळा करून जमिनीवरील हवेच्या दाबाखाली आणला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा भरेल. परंतु सूर्याकडून येणाऱ्या जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरणांपैकी घातक असा फार मोठा भाग हेच विरळ आवरण अडवून धरते. ते किरण अडले नाहीत तर त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचे प्रमाण वाढते, पिकांना इजा पोचते आणि समुद्रातील सूक्ष्म जीवसृष्टीला धोका उत्पन्न होतो.

या आवरणाचे मोजमाप करण्याचे शास्त्र १९२० च्या दशकात ऑक्सफर्ड येथील डॉबसन यांनी बनविलेल्या उपकरणामुळे रूढ झाले. आपल्या देशाचाही या कामात वाटा आहे. १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झालेल्या अ‍ॅना मणी यांनी वेधयंत्रे देशातच बनविण्याचा ध्यास घेतला, आणि १९६० च्या दशकात फुग्याबरोबर आकाशात सोडण्याचे भारतीय बनावटीचे ओझोनमापक यंत्र त्यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाले. अशी मोजमापे दिसायला रुक्ष असतात. ती वर्षानुवर्षे नेटाने का करीत राहावयाची, याचे उत्तर पुढे मिळेल.

निरुपद्रवी मानलेला वायू

विसाव्या शतकाच्या प्रारंभी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू वापरीत. ते गळले की माणसे दगावत. १९२८ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांच्या चमूने क्लोरोफ्लुओरोकार्बन जातीचे वायू शीतकरणासाठी पुढे आणले. हे वायू जळत नाहीत, विषारी नाहीत, कशाशी चटकन संयोगही पावत नाहीत. फ्रिऑन या व्यापारी नावाने ते घरोघर पोचले. फ्रीज, वातानुकूलन यंत्रे, सुगंधी फवाऱ्यांचे डबे, फोमच्या गाद्या, यंत्रांचे सुटे भाग धुण्याची द्रावणे, अशा नाना ठिकाणी त्यांचा वापर सुरू झाला. अन्न टिकले, लस टिकली, औषधे टिकली. या वायूंनी मानवाची मोठी सेवा केली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण जो वायू खाली कशाशीच संयोग पावत नाही, त्याचे पुढे होते काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत काम करणारे शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी हा साधा प्रश्न विचारला आणि १९७४ साली त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. हे वायू हळूहळू स्थितांबरात चढतात. तेथील प्रखर किरणांनी त्यांचे विघटन होते आणि क्लोरीन मोकळा होतो. हा क्लोरीन ओझोनचा रेणू मोडतो, पण स्वतः शिल्लक राहून पुढच्या रेणूकडे वळतो. क्लोरीनचा एक अणू अशा रीतीने सुमारे एक लाख रेणूंचा नाश करू शकतो. या कार्याबद्दल त्या दोघांना, आणि ओझोनच्या रसायनशास्त्रात आधीच मोलाची भर घातलेल्या पॉल क्रुत्झन यांना, १९९५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७४ मध्ये मात्र उद्योगक्षेत्रातून या सिद्धान्ताला कडाडून विरोध झाला. तरीही अमेरिकेतील अनेक ग्राहकांनी फवाऱ्यांचे डबे घेणे सोडले, आणि १९७८ साली तेथील शासनाने अनावश्यक फवाऱ्यांत हे वायू वापरण्यास बंदी केली.

दक्षिण ध्रुवावरील नोंदवही

अंतार्क्टिका खंडावर हॅली बे नावाचे ब्रिटिश वेधस्थान आहे. तेथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ओझोनचे मोजमाप नेमाने चालू होते. निष्कर्ष असा काही हाती लागत नव्हता. आकडे नोंदवहीत चढत होते, इतकेच. १९८० च्या सुमारास मात्र दक्षिण गोलार्धातील वसंत ऋतूत, म्हणजे ऑक्टोबर महिन्यात, हे आकडे घसरू लागले. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. पूर्वीच्या मानाने ओझोनचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. उपग्रहांच्या वेधांवरून हा विरळ झालेला भाग जवळजवळ सबंध खंडावर पसरल्याचे दिसून आले. यालाच पुढे ‘ओझोनचे छिद्र’ असे नाव पडले. खरे म्हणजे ते आरपार छिद्र नव्हे. तेथे आवरण अतिशय विरळ होते.

येथे कचेरीत काम करणाऱ्यांनी क्षणभर थांबावे. पूर्वीच्या पंचवीस-तीस वर्षांचे आकडे हाताशी नसते, तर १९८४ चा आकडा कमी आहे हे कशावरून ठरले असते? अनेक वर्षे ज्या नोंदीचा कोणाला काही उपयोग दिसत नव्हता, तीच नोंद जगाला सावध करणारी ठरली.

पुराव्याआधी निर्णय

१९८५ च्या मार्चमध्ये व्हिएन्ना येथे एक मूलभूत करार झाला होता. त्यात सहकार्याची तत्त्वे होती, पण बंधने नव्हती. दोन वर्षांनी माँट्रियल येथे बंधने आली. ही बंधने घडवून आणण्यात संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे तत्कालीन प्रमुख, इजिप्तचे शास्त्रज्ञ मुस्तफा तोल्बा, यांच्या चिकाटीचा फार मोठा भाग होता.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, १९८७ च्या सप्टेंबरात सह्या झाल्या त्या वेळी अंतार्क्टिकावरील छिद्राचे कारण निर्विवादपणे सिद्ध झालेले नव्हते. क्लोरीनवर दोष शाबीत करणाऱ्या विमानमोहिमेचे निष्कर्ष त्यानंतर जाहीर झाले. तहान लागल्यावर विहीर खणण्याची पाळी येऊ नये, एवढे शहाणपण त्या सभागृहात होते. धोका पुरेसा संभवनीय आहे आणि त्याचे परिणाम दीर्घकाळ टिकणारे आहेत, एवढ्या आधारावर राष्ट्रांनी पाऊल उचलले.

ते पहिले पाऊल लहान होते. प्रमुख क्लोरोफ्लुओरोकार्बनांचा वापर शतकाच्या अखेरीपर्यंत निम्म्यावर आणावयाचा, एवढेच ठरले होते. तेवढ्याने ओझोन वाचला नसता. परंतु करारातच अशी सोय होती की, शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांनी ठराविक काळाने आढावा घ्यावा आणि त्यानुसार वेळापत्रक अधिक कडक करावे. त्याप्रमाणे १९९० साली लंडन येथे निम्म्याऐवजी संपूर्ण बंदी ठरली. १९९२ साली कोपनहेगन येथे प्रगत राष्ट्रांसाठी तिची मुदत १९९६ वर आणली गेली. दुसरी तरतूद व्यापाराची होती. जे राष्ट्र करारात नाही, त्याच्याशी या वायूंचा व्यापार करण्यावर निर्बंध घातले गेले. त्यामुळे बाहेर राहून फायदा उपटण्याची वाट बंद झाली. उद्योगांनाही दिशा कळली. या वायूंची सर्वांत मोठी उत्पादक असलेल्या ड्यूपाँट कंपनीने १९८८ साली उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, आणि पर्यायी वायू शोधण्यात संशोधनाची शक्ती लागली.

न्यायाचा प्रश्न

भारताने १९८७ साली या करारावर सही केली नव्हती. त्यामागे कारण होते. तोवर वातावरणात गेलेला बहुतेक वायू श्रीमंत देशांनी सोडलेला होता. आपल्याकडे फ्रीज अजून मध्यमवर्गीयांच्या घरातही सर्रास पोचला नव्हता. ज्यांनी बिघडविले त्यांचा खर्च ज्यांनी वापरलेच नाही त्यांनी का सोसावा, असा भारताचा व चीनचा रास्त सवाल होता.

विकसनशील देशांना दहा वर्षांची अधिक मुदत मूळ करारातच दिली होती. १९९० च्या लंडन परिषदेत त्याला पैशाची जोड मिळाली. एक बहुपक्षीय निधी उभारण्यात आला. जुने तंत्र सोडून नवे घेताना जो जादा खर्च येईल, तो प्रगत राष्ट्रांच्या वर्गणीतून द्यावयाचा, असे ठरले. या निधीच्या कार्यकारी समितीत चौदा सदस्य असतात : सात प्रगत राष्ट्रांचे, सात विकसनशील राष्ट्रांचे. म्हणजे पैसा देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आवाज सारखाच. आजवर या निधीत ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली आहे. ही व्यवस्था झाल्यावर १९९१ साली चीन आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला.

शेवटच्या कारागिरापर्यंत

करार परदेशात झाला, नियम दिल्लीत झाले. पण वायू सुटत होता तो गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांतून. फ्रीज बिघडला की मेकॅनिक नळी तोडीत असे, उरलेला गॅस हवेत जात असे, आणि मग नवा गॅस भरला जाई. यात त्याचा काही अपराध नव्हता. त्याला दुसरी रीत कोणी शिकविलीच नव्हती. तेव्हा देशातील मोठ्या कारखान्यांना जसे साहाय्य मिळाले, तसे या कारागिरांकडेही लक्ष द्यावे लागले. गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत कसा घ्यावा, गळती कशी शोधावी, नवे वायू कसे हाताळावेत, याचे शिक्षण हजारो कारागिरांना देण्यात आले. केंद्र शासनाने २००० साली ओझोनला घातक द्रव्यांसंबंधीचे नियम जारी केले. दमेकऱ्यांच्या फवाऱ्यासारख्या औषधी वापराला, पर्याय हाती येईपर्यंत, सवलत ठेवली गेली. तेवढा अपवाद सोडून भारताने या वायूंचे उत्पादन व वापर १ ऑगस्ट २००८ पासून बंद केला, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी.

आज जगातील १९७ राष्ट्रे आणि युरोपीय संघ या करारात आहेत. घातक द्रव्यांपैकी सुमारे ९९ टक्के वापरातून गेली आहेत. २०२२ च्या शास्त्रीय अहवालानुसार, सध्याची धोरणे कायम राहिली तर जगाच्या बहुतेक भागांवरील ओझोन २०४० च्या सुमारास आणि अंतार्क्टिकावरील २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. करार झाला नसता तर काय झाले असते, याचेही गणित नासा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली मांडले. हे वायू दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढत राहिले असते, तर २०६५ पर्यंत जगावरील दोन तृतीयांश ओझोन नाहीसा झाला असता.

२०६६ हा आकडा आनंदाबरोबर ताकीदही देतो. माँट्रियल करार झाला त्या वर्षी जन्मलेले मूल तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे असेल. हे वायू वातावरणात पन्नास ते शंभर वर्षे टिकतात. चूक काही दशकांची होती. तिची भरपाई होण्यास माणसाचे सबंध आयुष्य लागत आहे.

पहाराही चालूच ठेवावा लागला. बंदी घातलेल्या एका वायूची पातळी अपेक्षेइतकी घटत नाही, असे २०१८ साली वेधशाळांच्या आकड्यांवरून उघडकीस आले. त्याचा माग पूर्व चीनपर्यंत काढण्यात आला, आणि पुढील काही वर्षांत ते उत्सर्जन पुन्हा खाली आल्याचे मोजमापांतच दिसले.

हवामानबदलाचा संबंध

ओझोनचा ऱ्हास आणि हवामानबदल हे एकच नव्हेत. विद्यार्थ्यांच्या मनात यांची नेहमी गल्लत होते, ती शिक्षकांनी दूर करावी. पहिल्यात जंबुपार किरण अडविणारे आवरण विरते. दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड, मिथेन आदी वायू पृथ्वीची उष्णता कोंडून धरतात. दोहोंचा दुवा मात्र आहे. वीरभद्रन रामनाथन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी १९७५ सालीच दाखवून दिले की, क्लोरोफ्लुओरोकार्बन उष्णता कोंडण्यातही अतिशय प्रबळ आहेत. त्यामुळे ओझोनसाठी केलेल्या बंदीने पृथ्वीची तापवाढही काही प्रमाणात रोखली.

पुढे एक अडचण उद्भवली. त्यांच्या जागी आलेले हायड्रोफ्लुओरोकार्बन ओझोनला अपाय करीत नाहीत, पण उष्णता कोंडतात. फ्रीजमध्ये व मोटारींच्या वातानुकूलन यंत्रांत वापरला गेलेला असा एक वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट प्रबळ आहे. म्हणून २०१६ साली रवांडातील किगाली येथे माँट्रियल करारात दुरुस्ती करून हे वायूही आटोक्यात आणण्याचे ठरले. भारताने तिला २०२१ साली मान्यता दिली. आपली कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जावयाची आहे. हीच जुनी यंत्रणा अशा रीतीने हवामानरक्षणाच्या कामीही जुंपली गेली.

तरीही कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न कितीतरी अवघड आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. क्लोरोफ्लुओरोकार्बन बनविणारे कारखाने मोजके होते. कोळसा आणि तेल मात्र आपल्या विजेत, वाहनात, सिमेंटात, खतात, एवढेच काय, शेतातील पंपातही आहेत. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात हजारो कुटुंबांची चूल कोळशाच्या खाणींवर व औष्णिक विजेवर पेटते. पर्यायी वायू फ्रीजमध्ये भरला तरी फ्रीज फ्रीजच राहिला. येथे मात्र सारी आर्थिक घडी बदलावयाची आहे. १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेत दर दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. २०२४ हे मोजमापांच्या इतिहासातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. १९९२ चा मूळ हवामान करार, १९९७ चा क्योटो करार, २०१५ चा पॅरिस करार, अशी पावले पडली. पण पॅरिस करारातील उद्दिष्टे ज्या त्या राष्ट्राने स्वतः ठरवावयाची आहेत. २००९ साली प्रगत राष्ट्रांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते प्रत्यक्षात पुरे होण्यास २०२२ साल उजाडले. ओझोनच्या निधीने जो विश्वास निर्माण केला, तो अशा विलंबाने ढासळतो.

आपण काय घ्यावे

या इतिहासातून पाच गोष्टी आपल्या कामात उतरविता येतील, असे मला वाटते.

पहिली, नोंद. शाळेच्या आवारातील पर्जन्यमापक, गावातील विहिरींची पाणीपातळी, पेरणीच्या तारखा यांची नोंद दरवर्षी एकाच पद्धतीने ठेवली, तर वीस वर्षांनी ती गावच्या नियोजनाचा आधार होईल.

दुसरी, पूर्ण खात्रीची वाट न पाहणे. पाऊस नेमका किती टक्के बदलेल याचा निर्णय होईपर्यंत ओढ्याचे पात्र मोकळे करणे किंवा जलसंधारणाची कामे करणे थांबवून ठेवण्यात शहाणपण नाही.

तिसरी, लहान आरंभ आणि नियमित आढावा. माँट्रियलचा पहिला ठराव अपुरा होता. आढाव्याने तो पुरेसा झाला. आपल्या ग्रामसभेतील ठरावांचा आढावा किती वेळा घेतला जातो, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

चौथी, न्याय. ज्याची उपजीविका बदलणार आहे, त्याला मुदत, पैसा आणि नवे कौशल्य द्यावे लागते. खाणकामगार असो की वीटभट्टीवाला, त्याला नुसती नोटीस देऊन बदल घडत नाही.

पाचवी, शेवटचा कारागीर. नियम कितीही चांगला असला तरी तो ज्याच्या हातून पाळला जातो, त्याला तो त्याच्या भाषेत समजला पाहिजे. आजही हे काम संपलेले नाही. घरगुती फ्रीजमध्ये आता येणारा एक वायू ज्वालाग्राही आहे. तो हाताळण्याचे शिक्षण नसलेल्या माणसाकडून दुरुस्ती करून घेणे धोक्याचे आहे. आपल्या तालुक्यातील मेकॅनिकांना असे प्रशिक्षण मिळाले आहे काय, याची चौकशी करावी. आरोग्य केंद्राचे किंवा कचेरीचे जुने वातानुकूलन यंत्र भंगारात काढताना त्यातील गॅस हवेत न सोडता काढून घेतला जाईल, अशी अट घालावी. नवे यंत्र घेताना किमतीबरोबर वीजबचतीचे तारे आणि आतील वायूचे नावही पाहावे. आपल्या राज्यात २०२० पासून सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानाने गावपातळीवर या विषयाला वाट करून दिली आहे. तिचा उपयोग नुसत्या गुणांकनासाठी न करता अशा कामांसाठी करता येईल.

मित्रहो, ओझोनचे आवरण अद्याप पूर्ववत झालेले नाही. पण ते भरून येत आहे, आणि ते आपोआप भरून येत नाही. वेध घेणारे शास्त्रज्ञ, वाटाघाटी करणारे मुत्सद्दी, वर्गणी देणारी राष्ट्रे, नियम राबविणारे कर्मचारी आणि नळी तोडण्याआधी सिलिंडर जोडणारा मेकॅनिक, या सर्वांनी आपापले काम वेळेवर केले म्हणून ते घडत आहे. हवामानबदलाच्या बाबतीत वेळ थोडा आहे आणि काम मोठे आहे. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग तर शतकानुशतके हवेत राहतो. तेव्हा उशिराची किंमत येथे ओझोनपेक्षा अधिक पडेल. आपल्या वाट्याचे जे काम आहे, ते आपण आपल्या गावापासून, आपल्या शाळेपासून आणि आपल्या कचेरीपासून सुरू करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!